दीड फेरा

सगळी इमारत त्याला प्रेशरमामा म्हणायची, आणि हे नाव त्याने स्वतःच्या तोंडाने कमावलेलं होतं. "काय मामा, कसं काय?" असं कुणी जाता जाता विचारलं, की मामा थांबून, पिशवी खाली ठेवून उत्तर द्यायचा, "खाली एक नंबर आहे, वर जरा कमी आहे." विचारणाऱ्याने तब्येत विचारलेली असे आणि मामा नळाची हकीकत सांगे. पुढे पुढे पोरंटोरं मुद्दाम विचारून हसत पळू लागली. मामाला त्याचं वाईट वाटत नसे. कुणी तरी विचारतंय, एवढं त्याला पुरत होतं.

पाच मजले, वीस घरं. जमिनीत एक टाकी आणि गच्चीवर दोन. खालचं पाणी मोटारीने वर चढवायचं, वरचं आपल्या पायांनी खाली येतं, एवढाच कारभार. पण हा एवढासा कारभार वीस घरांतल्या एकालाही धड कळलेला नाही, असं मामाचं ठाम मत होतं, आणि खोटं का बोला, ते बरोबरच होतं. पाचव्या मजल्यावरची माणसं तर दर महिन्याला भांडायला यायची. टाकी आमच्या डोक्यावर आणि धार तळमजल्याला, हा कुठला न्याय? मामा समजावून सांगायचा, की पाण्याला जोर येतो तो उंचीमुळे. टाकीपासून जितकं खाली जाल तितका दाब जास्त. तळमजल्याच्या नळावर पाच मजल्यांचं पाणी रेटा देत असतं, तुमच्या नळावर फक्त गच्चीची उंची. टाकी रुंद करून काही होत नाही, उंच करावी लागते. दिव्याखाली अंधार असतो ना, तसंच. समोरचा मान डोलवायचा आणि पुढच्या महिन्यात तेच भांडण नव्याने घेऊन यायचा. "पालथ्या घड्यावर पाणी," मामा म्हणायचा, आणि आपल्याच विनोदावर एकटाच हसायचा.

शेवटी त्याने वरच्या चारही घरांना गच्चीवरून स्वतंत्र, जरा जाड पाइप काढून दिले. प्रत्येकाला गच्चीवर वेगळी चावी, गोल चक्रीची, साडेपाच फेऱ्यांची. या चावीची एक गंमत आहे. तीन फेरे बंद केले तरी खाली कुणाला फारसा पत्ता लागत नाही. चौथा बंद झाला, दीडच फेरा उघडा उरला, की धार एकदम करंगळीएवढी होते. हे मामाखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं आणि गच्चीची किल्लीही मामाकडेच असे.

त्याची खोली जिन्याखाली, पंपाच्या खोलीला लागून. मधली भिंत एकच. मोटार चालू झाली की फळीवरचे कप थरथरायचे आणि बोलणं ऐकू यायचं नाही. बायको होती तोवर ती या मोटारीच्या नावाने बोटं मोडायची, आवाज चढवून बोलायची, आणि मोटार बंद झाल्यावरही तिचा आवाज चढलेलाच राहायचा. त्यावरून दोघांची रोज एक भांडाभांडी व्हायची. मूलबाळ नव्हतं. सहा वर्षांपूर्वी ती गेली आणि मामाला मोटारीचा आवाज आवडू लागला. मोटार बंद झाली की खोली इतकी रिकामी व्हायची, की तो उगाच बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसायचा.

त्याच्या धंद्याची एक खोड आहे. काम चांगलं केलं की माणूस दिसेनासा होतो. टाकी वेळेवर भरली, टाकी भरली की पाणी तोडणारा तरंगता बॉल अडकला नाही, दर तीन महिन्यांनी तळाचा गाळ निघाला, नळांच्या जाळ्या साफ राहिल्या, की मामाचं दार कुणी वाजवायचं नाही. गरज सरो नि वैद्य मरो, आणि इथे तर वैद्याने रोगच येऊ दिला नाही. एकदा त्याने आठवून पाहिलं. "मोटार चालू केली का?" आणि "हो, केली" हे सोडून अकरा दिवसांत त्याच्याशी कुणीही वाक्य म्हणावं असं काही बोललेलं नव्हतं. त्याला आपलीच कीव आली, आणि त्याहून जास्त राग आला.

अशात पाचव्या मजल्यावर प्रुफाच्या बाई राहायला आल्या. सत्तरीच्या, एकट्या, गुडघ्यांनी बेजार, चष्म्याची दोरी गळ्यात. पस्तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेलेली. मुलगा दूरच्या शहरात, मोठ्या हुद्द्यावर. येऊन महिना होतो न होतो तोच त्यांनी मामाला दणका दिला. मामाने फळ्यावर सूचना लावली होती: 'उद्या टाकी धूनार आहे. पाणी भरून ठेवने.' संध्याकाळी पाहतो तर कुणी तरी लाल पेनाने 'धूनार'चं 'धुणार' आणि 'ठेवने'चं 'ठेवणे' केलेलं, आणि कडेला मास्तरासारख्या खुणा. मामाचं टाळकं सरकलं. कागद फाडून तो तडक पाचव्या मजल्यावर गेला.

"हे तुम्ही केलंत?"

"मीच. शब्द चुकलेला दिसला की माझ्या हाताला खाज सुटते. त्याला मी काय करू?"

"पाणी भरून ठेवायचं एवढं कळलं ना लोकांना?"

"कळलं. पण टाकी धुताना तुम्ही तळात थोडा गाळ ठेवता का? कळतंय की लोकांना पाणी आहे ते."

मामाने कागद घडी करून खिशात कोंबला. बाई म्हणाल्या, आलाच आहात तर स्वयंपाकघरातला नळ बघा, पाणी करंगळीएवढं येतंय. मामाने जाळी काढली. क्षारांनी बुजलेली होती. ती लिंबाच्या पाण्यात भिजायला टाकली, आणि भिजेपर्यंत अर्धा तास थांबणं भाग होतं. बाईंनी चहा टाकला, खुर्ची पुढे केली आणि म्हणाल्या, "बसा."

आता बसा हा काही मोठा शब्द नाही. पण मामाला गेल्या सहा वर्षांत कामाच्या घरी तो कुणी म्हटला नव्हता. लोक म्हणायचे, 'चपला बाहेर काढा' किंवा 'झालं का?' तो बसला. बाईंनी छापखान्यातल्या चुका सांगितल्या. लग्नपत्रिकेत 'वधू'चं 'वधु' राहिलं म्हणून एक वरबाप छापखान्यात येऊन ओरडला आणि ओरडता ओरडता स्वतःच्याच मुलाचं नाव चुकला. मामा हसला. मग त्याने टाकीत पडलेल्या कबुतराची गोष्ट सांगितली, त्यावर बाई हसल्या. जाळी केव्हाच साफ झाली होती. पाऊण तासाने तो जिना उतरला, तेव्हा खोलीत शिरल्या शिरल्या त्याला बायकोला सांगावंसं वाटलं, की आज असं असं झालं.

नळ दुरुस्त झाला, म्हणजे बाईंचं मामाकडचं काम संपलं. दोन आठवडे गेले, चार गेले. मामा फळ्यावर मुद्दाम नसलेल्या सूचना लावायचा विचार करू लागला, पण तो तेवढा निर्लज्ज नव्हता. नुसतं वर जाऊन बेल वाजवावी असंही मनात यायचं. पण जाऊन म्हणायचं काय? हातात पाना नसताना कुणाच्या दारात उभं राहायची त्याला सवयच नव्हती.

पहिल्या वेळी ती खरोखर चूक होती. टाकी धुवायची म्हणजे आधी सगळ्या चाव्या बंद करायच्या, तळ घासायचा, औषधाचं पाणी सोडायचं, दोनदा खळबळून काढायचं आणि मग चाव्या उघडायच्या. त्या दिवशी बाईंची चावी उघडता उघडता खालून कुणी तरी हाक मारली आणि ती अर्धवटच राहिली. दुसऱ्या दिवशी बाईंचा निरोप आला, पाणी कमी येतंय. मामा वर गेला, चहा प्यायला, गप्पा मारल्या, मग गच्चीवर जाऊन चावी उघडली आणि खाली येऊन म्हणाला, "आता बघा." बाईंनी नळ सोडला. धार नीट आली. "तुमच्या हाताला गुण आहे हो, मामा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या वेळी ती चूक नव्हती. मामा गच्चीवर उभा होता, हात चक्रीवर होता. एक फेरा उघडला, अर्धा उघडला आणि हात थांबला. खालून कुणी हाक मारलेली नव्हती. त्याने कपाळावरचा घाम पुसला, बादली उचलली आणि खाली उतरला.

मग ते सुरूच झालं. दीड फेरा. महिन्यातून एकदा, कधी तीन आठवड्यांनी. बाईंचा निरोप यायचा, मामा पिशवी घेऊन जायचा, नळाला कान लावायचा, बेसिनखाली डोकं घालायचा, "हवा धरलीय बहुतेक" असं काहीबाही पुटपुटायचा. पाइपात हवा अडकली की पाणी असूनही येत नाही, हे बाईंना तो दर वेळी समजावून सांगायचा आणि बाई दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायच्या. चहा व्हायचा. बिस्किटं व्हायची. बाई त्याला न आणि ण यांतला फरक शिकवायच्या. तो त्याला शेवटपर्यंत आला नाही. जिना उतरताना त्याला बरं वाटायचं, आणि खोलीत आल्यावर चोरी केल्यासारखं वाटायचं. पुढच्या वेळी नाही करायचं, असं तो दर वेळी ठरवायचा. ठरवायला काय जातंय!

दीड वर्ष असं गेलं. मग एक दिवस बाईंचा मुलगा आला. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता. घड्याळाकडे बघत बघत बोलायची त्याला सवय होती. त्याने मामाला वर बोलावून घेतलं.

"मामा, वर्षभरात चौदा वेळा पाणी कमी. आई प्रत्येक वेळी फोनवर सांगते मला. चौदा वेळा!"

मामाने मान खाली घातली. चौदातल्या तीन तक्रारी खऱ्या होत्या.

"मी काय म्हणतो, गच्चीवर एक छोटा प्रेशर पंप बसवून टाकू. फक्त आमच्या लाइनला. नळ सोडला की आपोआप चालू, बंद केला की बंद. बसतो ना?"

बसतो. अर्ध्या दिवसाचं काम. मामाने असे पंप दुसरीकडे बसवलेले होते आणि ते वर्षानुवर्षं बिनतक्रार चालले होते. त्याला फक्त 'हो' म्हणायचं होतं. पण ते बिनतक्रार चालणंच त्याच्या डोळ्यांपुढे आलं. पंप बसला, की या घरातून निरोप येणार नाही. कधीच नाही.

"उपयोग नाही साहेब," तो म्हणाला.

"का?"

आणि मामाने आपली सगळी विद्या पणाला लावून खोटं सांगितलं. "लाइनला आतून क्षार धरलेत. पंपाने जोर लावला की सांधे गळणार, हवा धरणार. आज बसवाल, महिन्याने परत तेच. टाकीखालच्या मजल्याचं मूळचंच दुखणं आहे ते. त्याला इलाज नाही."

"म्हणजे हे असंच चालणार?"

"असंच," मामा म्हणाला. "पण मी आहे ना. हाक मारली की येतोच मी."

मुलाने पहिल्यांदाच घड्याळावरची नजर काढून त्याच्याकडे नीट पाहिलं. "सत्तर वर्षांच्या बाईने पाण्यासाठी हाका मारत बसायचं का, मामा?" मग तो स्वयंपाकघराच्या दाराकडे वळला. तिथे बाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. "आई, बस झालं आता. इलाजच नाही म्हणतायत तर इथे राहण्यात काय अर्थ आहे? तू माझ्याकडे चल."

बाईंनी चहा टेबलावर ठेवला. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घ्यावा आणि वर धोंडा वजनदार आहे म्हणून साक्षही द्यावी, असं त्याने केलं होतं. तो चहा न पिताच खाली आला.

बाईंना न्यायला मुलगा नऊ दिवसांनी परत येणार होता. नऊ दिवसांत खरं सांगितलं तर कदाचित त्या राहतील, आणि सांगितलं तर त्या तोंड बघणार नाहीत. मामा रोज जिना चढायचा आणि चौथ्या मजल्यावरून परत फिरायचा. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा विचारलंही, "काय मामा, पाइप शोधताय का?" तो 'हो' म्हणाला. आठव्या दिवशी बाईंचाच निरोप आला, की घर बंद करताना कुठली चावी बंद करायची ते दाखवून जा.

घरात खोकी पसरलेली होती. बाई खुर्चीवर बसून कप जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या, आणि गुंडाळता गुंडाळता वर्तमानपत्रातल्या चुका वाचत होत्या. मामा उभाच राहिला.

"बाई, तुमच्या लाइनला काही झालेलं नाही. पाइप स्वच्छ आहे. गच्चीवरची चावी मीच कमी ठेवत होतो."

"कमी म्हणजे?"

"साडेपाच फेऱ्यांची चावी आहे. मी दीडच फेरा उघडायचो."

"का?"

वीस घरांना पाण्याचा दाब समजावून सांगणाऱ्या मामाला इथे तीनच शब्द जमले. "तुम्ही बोलवावं म्हणून," तो म्हणाला.

बाईंनी हातातला कप खाली ठेवला.

"अंघोळीची बादली भरायला वीस मिनिटं लागायची मला," त्या म्हणाल्या. "नळासमोर स्टूल टाकून बसून राहायचे. गुडघे दुखतात म्हणून मोठी बादली उचलवत नाही, तर तांब्या तांब्याने पाणी स्वयंपाकघरात न्यायचे. आणि तुम्ही इथे, या खुर्चीवर बसून चहात बिस्किटं बुडवत होतात."

"चूक झाली, बाई."

"चूक?" बाईंचा आवाज चढला. "मला शिकवता चूक म्हणजे काय? पस्तीस वर्षं चुकाच बघितल्यात मी. चूक नजरेतून निसटते, मामा. ही निसटलेली नाही. ही तुम्ही दर महिन्याला वर चढून जाऊन केलीत."

मामाला ते अक्षरन्‌अक्षर पटलं, आणि पटल्यामुळे जास्त लागलं. "मी साहेबांना फोन करून सांगतो. पंप बसतो. मी खोटं बोललो. उद्या बसवून देतो, तुम्ही जाऊ नका."

"घर भाड्याने गेलंय. पहिल्या तारखेला माणसं येतायत. माझी खोली तयार करून ठेवलीय त्यांनी तिकडे." बाईंनी पुन्हा कप उचलला, पण गुंडाळला नाही. "आणि तुम्हाला एकट्याला तरी काय बोलू? चौदा वेळा त्याला फोनवर मीच सांगितलं ना? कशी आहेस म्हणून विचारायचा, बरी आहे म्हटलं की फोन संपायचा. पाणी येत नाही म्हटलं, की दहा मिनिटं बोलायचा. कधीपासून, कुठल्या नळाला, मामा आले का, काय म्हणाले. मग मी ते पाणी वाढवून वाढवून सांगायचे. आपण दोघांनी मिळून मला इथून हलवलं."

मामाला वाटलं, आता त्या हसतील आणि मिटेल. त्या हसल्या नाहीत.

"जा, उघडा ती चावी. निघायच्या आधी एकदा तरी धड अंघोळ करू दे मला."

मामा गच्चीवर गेला आणि चार फेरे उघडून चावी पूर्ण मोकळी केली. खालून, बाईंच्या बाथरूमच्या खिडकीतून, बादलीत धो धो पाणी पडल्याचा आवाज आला. बादली भरली तरी पाणी काही वेळ तसंच पडत राहिलं. मामा टाकीला टेकून उभा होता. त्याला रडू आलं, आणि गच्चीवर कुणीच नसल्यामुळे त्याने ते आवरलं नाही. थोड्या वेळाने तो जिन्याने सरळ खाली गेला, पाचव्या मजल्यावर थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी लागली. मुलाने खोकी चढवली. मामा फाटकाशी उभा होता. बाई गाडीत बसताना त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "न आणि ण बघत जा." गाडी वळली आणि गेली.

नवे भाडेकरू, नवराबायको, दोघंही नोकरीवाले. सकाळी नळ सोडायचे, पाणी यायचं, नळ बंद करून कामाला जायचे. मामाची त्यांची ओळखही झाली नाही. त्या घराच्या चावीला मामाने पुन्हा हात लावला नाही. टाकी धुवायची वेळ आली तेव्हा त्याने सूचना लावली, आणि रोज जाऊन तो कागद बघितला. त्यात चुका होत्या की नव्हत्या, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. लोकांनी वाचलं, पाणी भरून ठेवलं. टाकी स्वच्छ झाली, कुणाची कसलीही तक्रार नव्हती, आणि मामाला एकेक दिवस खायला उठला.

तीन महिन्यांनी, एका दुपारी, मोटार चालू असताना फोन वाजला. मामाने कानाला लावला तर नुसती घरघर. "कोण? मोठ्याने बोला!" पलीकडून बाईंचा आवाज आल्यासारखा वाटला. मामाने जे कधी केलं नव्हतं ते केलं. वरची टाकी जेमतेम भरू लागलेली असताना त्याने पंपाच्या खोलीत जाऊन बटण बंद केलं.

"बोला बाई. पाणी कसं आहे तिकडे?"

"तुम्हाला दुसरं काही विचारता येतं का हो?" बाई म्हणाल्या. "भरपूर आहे. नळ जरा फिरवला की अंगावर येतं. अठरा मजल्यांची इमारत आहे, दाबासाठी मधे मधे कसली यंत्रं बसवलीत म्हणे. कधी बिघडत नाहीत."

"चांगलं आहे."

"काय चांगलं आहे? सकाळी आठला सगळे बाहेर पडतात. संध्याकाळी येतात ते आपापल्या खोलीत. जेवताना तो विचारतो, आई, काही हवंय का? सगळंच आहे, मग काय हवंय म्हणून सांगू?"

बाईंनी आवाज खाली आणला.

"माझ्या बेसिनखाली एक छोटी चावी आहे. ती किती फिरवली की धार बारीक होते, पण बंद होत नाही?"

मामाला कळायला क्षणभर लागलं. उत्तर त्याच्या जिभेवर होतं. आयुष्यभर त्याला विचारलेल्या प्रश्नांतला हाच एक असा होता, की ज्याचं उत्तर त्याच्याइतकं नेमकं कुणालाच ठाऊक नसेल.

"नका बाई."

"मी फेरे विचारले."

"नका. मुलगा प्लंबर बोलवेल. स्वतः नाही यायचा."

फोन तुटला की काय म्हणून मामाने तो कानापासून दूर धरून पाहिला. चालू होता.

"मग काय करू?" बाईंनी विचारलं.

"त्याला म्हणा, बस जरा."

"कशाला, म्हणेल."

"कशाला नाही, नुसतंच, म्हणा."

"तुम्हाला आलं का कधी असं? दीड वर्षात एकदा तरी बेल वाजवून म्हणालात, बाई, नुसताच बसायला आलोय?"

"नाही आलं," मामा म्हणाला. मग त्याच्या तोंडून कसं कोण जाणे, पण निघून गेलं, "बाई, मला इथे अजिबात करमत नाही. तुम्ही गेल्यापासून कुणी बोलतच नाही माझ्याशी."

बोलून झाल्यावर तो स्वतःच दचकला. त्या वाक्यात नळ नव्हता, टाकी नव्हती, काहीच नव्हतं. बाईंच्या आवाजात आता राग नव्हता.

"हे असं आधी म्हणाला असतात ना, मामा, तर मी रोज चहा दिला असता."

तेवढ्यात खोलीच्या दारावर थापा पडल्या. वरच्या टाकीतलं पाणी उतरलं असावं. "मामा! मोटार का बंद? पाणी गेलं की वरचं!" बाहेर कुणी तरी तावातावाने ओरडत होतं. मामाने फोनवर हात ठेवला आणि दाराकडे बघून म्हणाला,

"जरा थांबा. बोलतोय मी."